धुतलेली मुळं

आठवीच्या विज्ञानात एक आकृती असायची. शेंगवर्गातल्या झाडाचं मूळ आणि त्यावर तुरीच्या डाळीएवढ्या गाठी. नोकरी होती तोवर दर पावसाळ्यात ती मी फळ्यावर काढली, आणि दर वेळी वर्गाकडे पाठ करून जरा जास्तच वेळ काढली. हवेतला नत्र झाडाला घेता येत नाही, मुलांनो. या गाठींत राहणारे जिवाणू तो घेतात, झाडाला देतात, आणि झाड त्यांना साखर देतं. याला सहजीवन म्हणतात, परीक्षेत येतं, लिहून घ्या. पोरं मुकाट लिहून घेत. हेच चार शब्द माझ्या आईला कुणी वेळेवर सांगितले असते तर काय झालं असतं, हा विचार मी करू नये असं ठरवलेलं आहे. तो येतो ते त्याचं त्याला ठाऊक. मी आपलं घडलं ते सांगते.

आमचं घर नवापूरच्या डोंगरपट्टीत, गावाच्या शेवटाला, उघड्या टेकडीच्या पायथ्याशी. घरात आया, म्हणजे माझी आई, बा, मी आणि माझ्या पाठची दोन. आम्ही घरी मावची बोलायचो, मराठी शाळेत आणि साहेबलोकांशी. आयाचं बोलणं मी इथे मराठीत लिहिते आहे, त्यामुळे त्यातला ठसका निम्मा गळून जातो, त्याला इलाज नाही. आम्ही ख्रिस्ती. आया रविवारी देवळात सगळ्यांच्या वर आवाज लावायची आणि पाळकबाबा तिला डोळ्यांनी गप्प करायचे. ती गप्प व्हायची नाही. घरातही काम आणि गाणं बरोबरच चालायचं. सकाळी जात्याची घरघर, तिच्यावर आयाचं गीत, आणि वारा त्या बाजूचा असला तर लांबून खांडबाऱ्याच्या आगगाडीची शिट्टी. नागलीची भाकर तव्यावरून उतरली की ती आधी बाच्या ताटात पडायची, बरोबर अंबाडीची चटणी, आणि बाजाराच्या दुसऱ्या दिवशी भाजलेलं सुकट. खांडबाऱ्याच्या बाजारातून सुकट आणलं की दोन दिवस घराला समुद्राचा वास यायचा, असं बा म्हणायचा. समुद्र त्यानेही पाहिलेला नव्हता.

बा घरी असायचा तो पावसाळ्यापुरता. दिवाळी झाली की मुकादमाचं माणूस यायचं आणि बा ऊसतोडीला गुजरातेत जायचा. तो गेला की जात्याचा आवाज तोच, पण आया गायची नाही. आम्ही पोरं त्या दिवसांत एकमेकांशी भांडतसुद्धा नव्हतो. आयाला एकच ध्यास होता, बा घरी राहिला पाहिजे. मुकादम दर साली तिलाही चल म्हणायचा. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एकट्या माणसाला तिथे किंमत नाही. आया म्हणायची, मी आले तर घराला कुलूप लागेल, आणि एकदा लागलेलं कुलूप गंजल्याशिवाय राहत नाही. पण असं किती साल नाही म्हणणार, हे तिलाही कळत होतं.

अशात एका उन्हाळ्यात, बा उसावरून परतला होता तेव्हा, रोपवाटिकेचे साहेब आले. तरुण माणूस, बाहेरगावचा, चढ चढला की कंबरेवर हात ठेवून उभा राहणारा. टेकडीवर झाडं लावायची योजना होती. टेकडीचे पट्टे पाडून घरोघर वाटून द्यायचे, रोपं बायांनी आपापल्या अंगणात करायची, पावसात लावायची. ज्याच्या पट्ट्यातली झाडं दिवाळीपर्यंत सगळ्यांत चांगली तगतील त्या घरच्या माणसाला टेकडीची राखणदारी. ती बारमाही होती. आयाने बाकी काही ऐकलंच नाही, बारमाही तेवढं ऐकलं. साहेब जाईपर्यंत ती कशीबशी थांबली, मग बाला म्हणाली, "आता तुझा कोयता मी चुलीत घालते."

करंज आणि शिरीष. साहेबांनी बी दिलं, काळ्या प्लास्टिकच्या पिशव्या दिल्या आणि माती कशी कालवायची ते सांगितलं. लाल माती, शेणखत, वाळू, आणि नाल्याकाठच्या जुन्या करंजाखालची पाटीभर काळी माती. "ती विसरू नका हां," एवढंच म्हणाले. का विसरायची नाही, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. साहेबाला का म्हणून विचारायची आमच्यात रीतच नव्हती. मी पुढे आयुष्यभर पोरांना सांगत आले की का विचारा, आणि पोरांनी विचारलं की माझंच डोकं फिरायचं, तो भाग वेगळा.

अंगण पिशव्यांनी भरलं. जायला यायला पाऊलवाट तेवढी उरली. आया सकाळ-संध्याकाळ वाटीने पाणी घालायची, हंड्याने घातलं तर बी वर येतं म्हणून. करंजाची पानं फुटली ती तांबूस, चकचकीत, तेल लावल्यासारखी. आमच्या शेजारची रेशमाकाकी, बाच्या चुलतभावाची बायको, तिच्या अंगणातही तेच चाललं होतं. दोघींचं बोलणं म्हणजे नुसती चढाओढ. "तुझी रोपं वाकडी का गं?" "मालकिणीवर गेली असतील." असं कुंपणावरून दिवसभर चालायचं आणि संध्याकाळी दोघी एकाच डबीतून मिसरी लावत बसायच्या.

पावसाची वेळ जवळ आली होती तेव्हा कोंबडीने एक पिशवी उकरून फाडली. आयाने कोंबडीला शिव्या घातल्या, रोप उचललं, माती झटकली आणि तशीच उभी राहिली. मी जवळ गेले. मुळांना गाठी होत्या. बारीक, गोल, पिवळट.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"हळू बोल," ती म्हणाली. "कोरीटचा रोग आहे."

आता कोरीटचं सांगायला हवं. बा ऊसतोडीला गेला की आया आम्हाला घेऊन कोरीटला मिरची तोडायला जायची. नंदुरबारकडची ती सपाट काळी जमीन, नजर पोचेल तिथवर मिरची, वांगी. शेताचे मालक आप्पा. माणूस वाईट नव्हता, दुपारचा चहा नेमाने द्यायचा, आमचे कप मात्र गोठ्याच्या खिडकीत वेगळे असायचे. एका साली तिथली झाडं खुरटली, पिवळी पडली. आप्पांनी एक झाड उपटून आयाच्या नाकासमोर धरलं. "हाई देख. मुळीस्ले गाठी पडी गयात. हाई झाड आते काही कामनं नही. उपटी टाक नि बांधवर जाळी टाक. ऱ्हाऊ दिधं ते बठ्ठं वावर जाई." बाकीचं शेत वाचावं म्हणून आयाने दिवसभर झाडं उपटली आणि बांधावर जाळली. मिरचीच्या धुराने आम्ही सगळे खोकत होतो, आप्पा उपरण्याने डोळे पुसत होते. तेवढं जाळूनही शेवटी वावर गेलंच. आमची तिथली मजुरीही त्या साली गेली. मुळाला गाठी म्हणजे झाड मेलं, हे आयाला कुणी पुस्तकातून शिकवलेलं नव्हतं, तिच्या नाकातोंडात गेलेलं होतं. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. त्याला हसणाऱ्यांचं तोंड कधी पोळलेलं नसतं.

तुम्ही म्हणाल, घरची तूर होती, तिच्या मुळांवर कधी गाठी दिसल्या नाहीत का? नाही दिसल्या. आम्ही तूर वाळल्यावर कापायचो आणि धसकटं सरपणाला उपटायचो तोवर त्या झडून गेलेल्या असायच्या. हा प्रश्न मी स्वतःलाच पुष्कळ वेळा विचारला आहे.

आयाने आणखी दोन-चार पिशव्या फाडून पाहिल्या. सगळीकडे गाठी. ती उंबऱ्यावर बसली. बा म्हणाला, "साहेबांना सांगू या."

"सांगून काय होईल? जाळा म्हणतील. मग टेकडीवर काय लावायचं, तुझं मुंडासं?"

"मग कर तुला करायचं ते."

"करतेच," आया म्हणाली. तिने एक गाठ नखाने ढकलून पाहिली. ती चटकन निघाली. कोरीटच्या गाठी निघत नव्हत्या, तिथे मूळच सुजलेलं असायचं. आयाने मला जवळ बोलावून दाखवलं. "बघ. नुसती वर बसलीय. आत शिरली नाही अजून. वेळेवर सापडलं." तिच्या चेहऱ्यावरची काळजी उतरली ती मला आज दिसते. जो फरक बघून तिने ओळखायला हवं होतं की हा रोग नाही, नेमका तोच फरक बघून तिची खात्री पटली की रोग आहे, पण बरा होणारा आहे. मी मोठी झाले, शिकले, हा फरक वर्गात शिकवला, आणि दर वेळी मला वाटलं की तिच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं.

रोग आला कुठून, याचाही तिने छडा लावला. जुन्या करंजाखालची काळी माती. कुजकी, किड्यांची. साहेब बिचारे शहरातले, त्यांना काय कळणार. तेव्हा गाठी काढायच्या आणि ती माती पार धुऊन टाकायची, कणभर ठेवायची नाही. आणि कुणाला सांगायचं नाही. रोगट रोपांचं घर म्हणून एकदा नाव झालं की राखणदारी कुणी देणार नव्हतं.

पहिले दोन-तीन पाऊस झाले, नाल्याला पाणी आलं आणि आम्ही कामाला लागलो. पहाटे उठायचं, पाट्यांतून पिशव्या नाल्यावर न्यायच्या. बा पिशवी फाडायचा, मी मुळं पाण्यात हलवायची, माती धुक्यासारखी पसरून वाहून जायची, आणि आया मांडीवर फडकं घेऊन एकेक गाठ खुडायची. किती हळू खुडायची. डोक्यातली ऊ काढतात तशी, मुळाला धक्का न लावता. खुडलेल्या गाठी पदरात जमवायची आणि घरी जाऊन चुलीत टाकायची, पाण्यात टाकल्या तर खालच्या गावाला रोग जाईल म्हणून. आणि त्या सगळ्या वेळी ती गायची. बा तिच्या मागून बेसूर गायचा आणि ती त्याच्या पाठीत ओला हात मारायची. धाकटी दोन पाण्यात डुंबायची. खरं सांगायचं तर आमच्या घरातले त्याहून चांगले दिवस मला आठवत नाहीत. राग येतो मला या गोष्टीचा. आठवायलाही तेच दिवस मिळावेत ना.

धुतलेली रोपं ओल्या गोणपाटात गुंडाळून आम्ही टेकडीवर न्यायचो आणि मुरमाच्या खड्ड्यात चुलीची राख घालून लावायचो. शेजारच्या पट्ट्यात रेशमाकाकी आपली रोपं मातीच्या गोळ्यासकट खाली ठेवत होती. तिने आमची ओली मुळं पाहिली.

"हे काय, रोपांनाही बाप्तिस्मा देतेस का गं?"

"तू तुझी मळकीच लाव," आया म्हणाली.

आणि घरी येताना मला म्हणाली, "बिचारी. तिची सगळी जातील. सांगू का तिला?" दोन दिवस तिला हे खात होतं. शेवटी सांगितलं नाही. रेशमाकाकीच्या तोंडात तीळ भिजत नसे, हेही खरं होतं.

रोपं जगली. श्रावणात आयाने टेकडीवरून खाली येऊन बाला सांगितलं, एकाही रोपाने मान टाकली नाही. मग ती तशीच राहिली. वाढेनात. भादव्यात खालची पानं फिकट झाली, मग पिवळी. आया पाटीने शेण वर न्यायला लागली. पाऊस उघडला तशी पाणी न्यायला लागली, डोक्यावर हंडा, कडेवर कळशी, त्या निसरड्या मुरमावरून. बा म्हणायचा, पुरे कर. ती ऐकायची नाही. रेशमाकाकीची रोपं मात्र हिरवीगार, गुडघ्याच्या वर. आया रोज ओळंब्यासारखी ताठ उभी राहून त्यांच्याकडे पाहायची आणि त्यांना रोग कधी लागतो याची वाट बघायची. तिला वाईट चिंतायचं नव्हतं. तिला फक्त जग सरळ चालतंय एवढं दिसायला हवं होतं.

नाला उतरला तसे साहेब आले. आमच्या पट्ट्यात फिरले, एक मेल्यासारखं रोप उपटलं आणि मुळं उलटीसुलटी करून पाहिली. "गाठी कुठे गेल्या?" त्यांनी विचारलं.

आयाला वाटलं शाबासकी मिळतेय. ती पुढे झाली आणि शाळेतल्या मराठीत म्हणाली, "काढल्या, साहेब. सगळ्या काढल्या. माती पण धुतली. एक ठेवली नाही."

साहेब शेजारच्या पट्ट्यात गेले, रेशमाकाकीचं एक रोप खणलं, एक गाठ तोडून नखाने चिरली आणि तळहातावर आयापुढे धरली. आतून लाल होती. मांसासारखी लाल. त्यांनी सांगितलं ते मी वर सांगितलंच आहे, फक्त त्यांनी सहजीवन हा शब्द वापरला नाही. म्हणाले, झाडाचं जेवण इथे शिजतं. या मुरमात काहीच नाही, म्हणून तर जुन्या झाडाखालची माती घालायला सांगितली होती, त्यात हे जीव असतात. ते रागावले नाहीत. दगडावर बसले, टोपी काढली आणि म्हणाले, "मी सांगायला हवं होतं." इतकं प्रामाणिक बोलणारा दुसरा साहेब मी पाहिला नाही. त्याचा उपयोग काही झाला नाही.

आयाने त्यांच्या तळहातावरची गाठ उचलली. बोटांत फिरवून बघितली. मग विचारलं, "परत लावता येतात का? त्याच मुळाला?"

"नाही, बाई."

राखणदारी रेशमाकाकीच्या नवऱ्याला मिळाली. ज्याची झाडं तगली त्याला, असंच ठरलं होतं, कुणाला बोल लावायची सोय नव्हती. दिवाळीनंतर मुकादमाचं माणूस आलं आणि या वेळी त्याला आर्जव करावं लागलं नाही. आयाने आपणहून विचारलं, कोयता जोडीचा आहे ना? धाकट्या दोघांना बरोबर नेलं. मला आश्रमशाळेत घातलं, तिथे जेवायला मिळायचं. खांडबाऱ्याला गाडीत चढताना तिने माझ्या वेणीची रिबीन घट्ट केली, तीही अशी की डोकं दुखलं. मी रडले नाही आणि तीही नाही. पुढच्या पावसाळ्यात ती आली, पण टेकडीकडे तोंड करून बसली नाही. त्याच्या पुढच्या पावसाळ्यात आलीच नाही. तिकडेच एका शेतावर सालाने राहिले ते राहिलेच. धाकटी दोघं गुजराती होऊन गेली. बा तिकडेच उसाच्या फडात गेला, मी पोचेपर्यंत मातीही देऊन झाली होती. मी शिकले, मास्तरीण झाले. लोक म्हणतात, बघा, काही तरी चांगलं निघालंच ना त्यातून. अशा लोकांना मी चहा विचारत नाही.

निवृत्त झाल्यावर गावात दोन खोल्या बांधल्या आणि आयाला घेऊन आले. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, एकाचं ऑपरेशन बिघडलेलं, लांबचा नुसता रंग तेवढा कळायचा. ती पडवीत बसून उडीद निवडायची, डोळ्यांनी नाही, बोटांनी. मागच्याच पावसाळ्यातली गोष्ट. एका सकाळी ऊन पडलं होतं. आयाने मान वर केली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा टेकडीकडे पाहिलं. तोवर तो विषय आमच्यात कधी निघाला नव्हता.

"रेशमाचा पट्टा बघ किती हिरवा झाला," ती म्हणाली. "माझ्या हाताने गेलं नसतं तर आपलाही असाच असता."

मला ते ऐकवलं नाही. माझा स्वभाव तापट, आणि इतक्या वर्षांनीही ती स्वतःला शिक्षा देत बसली आहे हे पाहून मला भडभडून आलं. मी म्हटलं, "आया, ते गवत आहे. गवत आणि टाकळा. दिवाळीनंतर तिथे काही नसतं."

"आणि रेशमाची झाडं?"

"गेली. दोन पावसाळे वाढली, मग खाली कातळ लागला. मुळांना जागाच नव्हती. उन्हाळ्यात उभी वाळली. गाठी होत्या तरी वाळली. कुणाचाच पट्टा राहिला नाही. राखणदारीही बंद झाली, रेशमाकाकीसुद्धा ऊसतोडीला गेली." मी तिचा हात धरला. "तुझ्यामुळे काही झालं नाही, आया. एवढं ऐक. तुझ्यामुळे काही झालं नाही."

तिची बोटं उडदात थांबली. मला वाटलं, आता तिला हलकं वाटेल.

"म्हणजे तुझा बा गेलाच असता," ती म्हणाली.

"हो."

"पोरं पण."

"हो, आया."

ती टेकडीकडे बघत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला रोज वाटायचं, मी तेवढं केलं नसतं तर आपण सगळे इथे असतो. एका ताटात जेवत असतो. उसात असताना रोज तेच बघायची मी. त्याच्यावरच दिवस काढले, पोरी. आता कशावर काढू?"